देश मोडला, जर्सी कुणाची?

आजचा विषय फुटबॉलमधून सुरू होतो, पण क्रिकेट आणि हॉकीवरून फिरत शेवटी आपल्या भिलाईच्या दारात येऊन थांबतो.

प्रश्न साधा आहे. एखादा खेळाडू एका देशाकडून खेळत असतो. एके दिवशी तो देशच नकाशावरून जातो. त्याच्या जागी दोन, पाच किंवा पंधरा नवे देश उभे राहतात. आता या खेळाडूने कुणाची जर्सी घालायची? जिथे जन्म झाला त्या देशाची, आईवडिलांच्या देशाची, की ज्या शहराच्या क्लबमध्ये तो दहा वर्षे खेळतोय तिथली? आणि हे ठरवायचे कुणी? त्याने, सरकारने, की स्वित्झर्लंडमध्ये बसलेल्या फिफाने?

आपण पटकन म्हणून मोकळे होतो, "अमक्याने देश सोडला", "तमका पैशासाठी गेला". थोडे खोलात गेले की गोष्ट इतकी सोपी राहत नाही. चला, एकेक टप्पा घेऊ.

भिलाईला हा प्रश्न परका नाही

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला. करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला, आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ ला झाले. त्या काळात तिकडून आलेल्या इंजिनिअरांना इथे सगळे सरसकट 'रशियन' म्हणत. रशियन कॉम्प्लेक्स हे नाव आजही आहे, आणि भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून मैत्री बाग आहे. मराठीतही आपण वर्षानुवर्षे 'सोव्हिएत रशिया' असेच लिहीत आलो.

पण ती माणसे सगळी रशियन होती का? सोव्हिएत युनियन म्हणजे पंधरा प्रजासत्ताके. रशिया त्यातले सर्वांत मोठे, बाकी चौदा वेगळी. भिलाईच्या बांधकामाचे मुख्य अभियंता वेनियामिन दिमशित्स यांचा जन्म क्रिमियातला. आज त्या क्रिमियावरून रशिया आणि युक्रेन भांडताहेत. म्हणजे ज्यांना आपण एका शब्दात 'रशियन' म्हणून टाकले, त्यांना १९९१ नंतर 'तुम्ही नक्की कुठले?' हा प्रश्न विचारला गेला असता, तर उत्तर एका शब्दात आले नसते.

आता आपल्याकडे बघा. १९५५ साली भिलाईत जन्मलेला माणूस घ्या, ज्याने आयुष्यभर घर बदललेले नाही. त्याचा जन्म झाला तेव्हा दुर्ग जिल्ह्याच्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी भोपाळ झाली. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड झाले आणि राजधानी रायपूर झाली. माणूस जागचा हलला नाही, तरी त्याच्या तीन राजधान्या झाल्या. देश मोडणे आणि राज्याची फेररचना होणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मान्य. एकात रक्त सांडते, दुसऱ्यात सहसा फक्त कागद बदलतात. पण खेळाडूपुढे उभा राहणारा पेच दोन्हीकडे बराच सारखा असतो.

आधी नियम समजून घेऊ

एके काळी फुटबॉलमध्ये देश बदलणे फारसे अवघड नव्हते. हंगेरीचा महान खेळाडू फेरेन्क पुश्काश १९५४ चा विश्वचषक हंगेरीकडून खेळला आणि १९६२ चा स्पेनकडून. असे प्रकार वाढले तसे फिफाने नियम आवळले. त्याचे सार असे, की एका देशाच्या मुख्य संघाकडून अधिकृत स्पर्धेचा सामना खेळलात की तुम्ही त्या देशाशी बांधले गेलात.

'अधिकृत स्पर्धा' हा शब्द लक्षात ठेवा. विश्वचषक, त्याची पात्रता फेरी, युरो, आशिया चषक हे सगळे त्यात आले. मैत्रीपूर्ण सामना त्यात येत नाही. मैत्रीपूर्ण सामना खेळलेला खेळाडू अजून मोकळा असतो. या एका बारीक फरकावर एका खेळाडूचे नाव विश्वचषकाच्या इतिहासात कोरले गेले. ते पुढे येईलच.

दुसरी अट नागरिकत्वाची. ज्या देशाकडून खेळायचे त्याचे नागरिकत्व हवेच. आणि ते नागरिकत्व नव्याने घेतले असेल, तर सोबत एखादे खरे नातेही लागते: स्वतःचा जन्म तिथला, किंवा आईवडिलांपैकी कुणाचा, किंवा आजीआजोबांपैकी कुणाचा, नाहीतर तिथे काही वर्षांचे वास्तव्य. मोठेपणी आलेल्यासाठी ही मुदत पाच वर्षांची आहे.

२०२० मध्ये फिफाने नियम थोडा सैल केला. खेळाडू २१ वर्षांचा होण्याआधी मुख्य संघाकडून जास्तीत जास्त तीनच अधिकृत सामने खेळला असेल, शेवटच्या सामन्याला तीन वर्षे उलटली असतील, विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत तो उतरला नसेल, आणि पहिल्या देशाकडून पहिल्यांदा खेळताना दुसऱ्या देशाचे नागरिकत्वही त्याच्याजवळ असेल, तर तो एकदा बदल करू शकतो.

हे सगळे नियम एक गोष्ट गृहीत धरतात: देश जागेवर आहे आणि खेळाडू हलतोय. देशच हलला तर काय, हा प्रश्न नियमपुस्तकाला नेहमीच अवघड गेला आहे.

खुर्ची एक, वारस पंधरा

सोव्हिएत संघाचा शेवटचा फुटबॉल सामना १३ नोव्हेंबर १९९१ ला सायप्रसमध्ये झाला. सोव्हिएत संघ ३-० ने जिंकला आणि १९९२ च्या युरो स्पर्धेला पात्र ठरला. पुढच्या महिन्यात देशच संपला.

पात्र ठरलेला संघ आहे, स्पर्धा सहा-सात महिन्यांवर आहे, आणि देश नाही. मग तात्पुरता तोडगा निघाला. स्वतंत्र राष्ट्रांचा राष्ट्रकुल, म्हणजे सीआयएस, या नावाने संघ स्वीडनला गेला. राष्ट्रगीत नव्हते, म्हणून बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची धून वाजली. कर्णधार होता युक्रेनचा अलेक्सेई मिखाइलिचेन्को. संघाने जर्मनीशी १-१ आणि नेदरलँड्सशी ०-० अशी बरोबरी साधली, शेवटी स्कॉटलंडकडून ०-३ हरला आणि घरी परतला. पण घर म्हणजे कुठले?

आता खरी मेख बघा. १९९४ च्या विश्वचषक पात्रता फेरीची सोडत डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कला निघाली होती. सोव्हिएत युनियनची जी जागा होती, ती रशियाला वारसा म्हणून मिळाली. लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया हे तिघे आधीच वेगळे झाले होते, त्यांना सोडतीत स्थान होते. पण युक्रेन, जॉर्जिया यांसारख्यांना नव्हते. युक्रेनचा स्वतःचा पहिला सामना २९ एप्रिल १९९२ ला उझहोरोदमध्ये हंगेरीविरुद्ध झाला आणि तो त्यांनी १-३ ने गमावला. फिफाची मान्यताही त्यांना मिळाली, पण १९९४ च्या विश्वचषकाचे दार तोवर बंद झाले होते.

सोव्हिएत काळात कीवचा दिनामो हा देशातल्या सर्वांत बलाढ्य क्लबांपैकी एक होता आणि राष्ट्रीय संघात त्याचे खेळाडू भरलेले असत. त्यांच्यापैकी पंचविशीतल्या खेळाडूच्या जागी स्वतःला ठेवून बघा. फुटबॉलपटूची ऐन भराची वर्षे दहा, फार तर बारा. विश्वचषक चार वर्षांनी एकदा येतो. युक्रेन निवडले तर १९९४ गेले, हे नक्की. रशिया निवडले तर दार उघडे आहे. याला निवड म्हणायचे का? एका हातात मातृभूमी आणि दुसऱ्या हातात कॅलेंडर, अशी ती गत होती.

विक्टर ओनोप्को आणि सेर्गेई युरान, दोघांचाही जन्म युक्रेनमधल्या लुहान्स्कचा. दोघेही रशियाकडून खेळले. मँचेस्टर युनायटेडचा वेगवान खेळाडू आंद्रेई कांचेल्स्की युक्रेनमध्ये जन्मला. वडील लिथुआनियन, आई युक्रेनियन. त्यानेही रशिया निवडला. आणि नशीब बघा. रशिया पात्र ठरला, पण प्रशिक्षकाविरुद्ध खेळाडूंनी बंड केले, त्यात कांचेल्स्की होता, आणि ज्या विश्वचषकासाठी रशियाची जर्सी घातली त्याच विश्वचषकाला तो गेला नाही.

आणि आता तो मैत्रीपूर्ण सामन्याचा किस्सा. ओलेग सालेन्को जन्माने लेनिनग्राडचा, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचा, पण खेळायचा कीवला. उझहोरोदला युक्रेनच्या त्या पहिल्यावहिल्या सामन्यात तो युक्रेनच्या जर्सीत उतरला होता. तो सामना मैत्रीपूर्ण होता, म्हणून तो बांधला गेला नाही. पुढे तो रशियाकडे गेला आणि २८ जून १९९४ ला कॅमेरूनविरुद्ध एकाच सामन्यात त्याने पाच गोल केले. विश्वचषकात एका सामन्यात पाच गोल हा विक्रम आजही त्याच्या नावावर आहे. तो उझहोरोदचा सामना पात्रता फेरीचा असता, तर हा विक्रम झालाच नसता.

युक्रेनला विश्वचषकात उतरायला २००६ उजाडले. तेव्हा आंद्रेई शेव्चेन्कोचा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. दरम्यान एक अख्खी पिढी येऊन गेली होती.

यातून आजचा पहिला मुद्दा हाती लागतो. देश मोडतो तेव्हा आधी खेळाडूंची वाटणी होत नाही, आधी खुर्चीची होते. सदस्यत्व कुणाला, सोडतीतली जागा कुणाला, हे ठरते. मग खेळाडू त्या खुर्चीच्या मागे जातो.

मोडण्याच्या तऱ्हा

सगळे देश सारखे मोडत नाहीत. पूर्व जर्मनी मोडला नाही, पश्चिम जर्मनीत विरघळला. त्याचा शेवटचा सामना १२ सप्टेंबर १९९० ला ब्रुसेल्समध्ये बेल्जियमविरुद्ध झाला. पूर्व जर्मनी २-० ने जिंकला, आणि दोन्ही गोल मॅथियास सामरचे. तोच सामर पुढे एकत्रित जर्मनीकडून १९९६ चा युरो जिंकला आणि त्या वर्षीचा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. इथे निवडीचा पेच नव्हता, फक्त स्पर्धा वाढली. आधी एका लहान देशातल्या अकरांत जागा हवी होती, आता मोठ्या देशातल्या अकरांत.

युगोस्लाव्हियाची गोष्ट उलटी. तो युद्धात मोडला. १९९२ च्या युरोसाठी संघ पात्र होता, स्वीडनला पोहोचलाही होता, पण संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे त्याला परत पाठवले गेले. त्याच्या जागी आयत्या वेळी डेन्मार्कला बोलावले, आणि डेन्मार्कने तो चषक जिंकून दाखवला. हा डेन्मार्कचा चमत्कार सगळ्यांना आठवतो. घरी पाठवलेल्या संघाची आठवण फारशी कुणी काढत नाही.

त्याच संघाच्या पिढीतला रॉबर्ट प्रोसिनेच्की १९९० च्या विश्वचषकात युगोस्लाव्हियाकडून गोल करतो आणि १९९८ मध्ये क्रोएशियाकडून. दोन वेगळ्या देशांकडून विश्वचषकात गोल करणारा खेळाडू म्हणून त्याचे नाव घेतात. देयान स्टान्कोविच याच्या पुढचा. तो बेलग्रेडचा, त्याने स्वतः काहीच बदलले नाही. तरी १९९८ मध्ये तो युगोस्लाव्हियाकडून, २००६ मध्ये सर्बिया-मॉन्टेनेग्रोकडून आणि २०१० मध्ये सर्बियाकडून विश्वचषक खेळला. आपल्या भिलाईच्या तीन राजधान्यांसारखेच. २००६ ला तर गंमतच झाली. मॉन्टेनेग्रोने ३ जूनला स्वातंत्र्य जाहीर केले आणि विश्वचषक त्यानंतर सुरू झाला. म्हणजे संघ मैदानात होता आणि तो देश अस्तित्वातच नव्हता.

भोपाळचे दोन खेळाडू

आता घरी येऊ. आपल्या उपखंडाने १९४७ ला हेच भोगले, आणि युरोपपेक्षा कितीतरी भयंकर पद्धतीने.

भोपाळ म्हणजे हॉकीचे गाव. तिथले दोन खेळाडू, लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे दोघे भारताच्या संघात होते. १२ ऑगस्टला अंतिम सामन्यात भारताने ब्रिटनला ४-० ने हरवले. ज्यांनी दीडशे वर्षे राज्य केले, त्यांना त्यांच्याच राजधानीत हरवून स्वतंत्र भारताने पहिले ऑलिंपिक सुवर्ण घेतले. त्या सुवर्णात या दोघांचा वाटा आहे.

पुढे दोघेही पाकिस्तानात गेले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ते पाकिस्तानच्या संघात होते. अंतिम सामना भारत विरुद्ध पाकिस्तान, भारत १-० ने जिंकला. दोघांच्या नावावर दोन पदके लागली: एक सुवर्ण भारताकडून, एक रौप्य पाकिस्तानकडून. आणि ते रौप्य भारतानेच त्यांच्या पदरात टाकलेले.

उलट बाजूलाही असेच. अली दारा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद यांच्यासोबत भारताकडून सुवर्ण जिंकले, आणि १९४८ मध्ये पाकिस्तानच्या पहिल्या ऑलिंपिक हॉकी संघाचे कर्णधार होते.

क्रिकेटमध्ये अब्दुल हफीज कारदार, अमीर इलाही आणि गुल महंमद हे तिघे दोन्ही देशांकडून कसोटी खेळले. यातला गुल महंमद मराठी वाचकांच्या जवळचा, कारण त्याचे नाव आपल्या विजय हजारे यांच्याशी कायमचे जोडलेले आहे. मार्च १९४७, रणजी करंडकाचा अंतिम सामना, बडोदा विरुद्ध होळकर. हजारे २८८, गुल महंमद ३१९, आणि चौथ्या गड्यासाठी दोघांची ५७७ धावांची भागी. सांगलीचा मराठी ख्रिस्ती आणि लाहोरचा मुसलमान, गायकवाडांच्या संघासाठी होळकरांच्या संघाविरुद्ध खेळत होते. दोन-अडीच वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थान, होळकर संस्थान आणि बडोदा संस्थान, तिन्ही इतिहासजमा झाले. उरली ती धावसंख्या.

गुल महंमद फाळणीनंतर लगेच गेला नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. १९५२ मध्ये पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा भारतात आला, तेव्हा तो भारताकडून पाकिस्तानविरुद्ध खेळला. नंतर तो तिकडे गेला आणि १९५६ मध्ये पाकिस्तानकडून एक कसोटी खेळला. निवड ही एका रात्रीत होते असे नाही. कधी ती नऊ वर्षे चालते.

संस्थान गेले, संघ उरला

होळकरांचे नाव निघाले आहे तर तेही पुरे करू. इंदूरचा होळकर संघ म्हणजे सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर. चार वेळा रणजी करंडक जिंकलेला संघ. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. पण होळकर नावाचा क्रिकेट संघ १९५४-५५ च्या हंगामापर्यंत खेळत राहिला, आणि शेवटचे दोन रणजी करंडक त्याने संस्थान गेल्यानंतर जिंकले! त्यानंतर तो मध्य भारत झाला आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश. सरवटे या तिन्ही नावांनी खेळले.

पहिल्या मुद्द्याची ही दुसरी बाजू. क्रिकेटच्या कागदावर खुर्ची टिकली, म्हणून राज्य गेल्यावरही संघ टिकला.

नोव्हेंबर २०००

१ नोव्हेंबरला छत्तीसगड, ९ नोव्हेंबरला उत्तराखंड, १५ नोव्हेंबरला झारखंड. पंधरा दिवसांत तीन राज्ये जन्मली. आता या तिघांच्या क्रिकेटचे काय झाले, ते शेजारी शेजारी ठेवून बघा.

मध्य प्रदेशची खुर्ची मध्य प्रदेशकडेच राहिली. छत्तीसगडला रिकाम्या हाताने सुरुवात करावी लागली. भिलाई-दुर्ग-रायपूरच्या मुलांना रणजी खेळायचे तर मध्य प्रदेशच्या संघात जागा मिळवायची. छत्तीसगडला क्रिकेट मंडळाचे पूर्ण सदस्यत्व मिळाले २०१६ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. नव्या रायपूरच्या मोठ्या मैदानावर आयपीएलचे सामने २०१३ मध्येच झाले होते. मैदान होते, प्रेक्षक होते, राज्याचा संघ नव्हता. २०१६-१७ च्या हंगामात मोहम्मद कैफच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड रणजीत उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्रिपुराला नऊ गडी राखून हरवले.

दुर्गमध्ये जन्मलेला हरप्रीत सिंग भाटिया आधी मध्य प्रदेशकडून खेळला, मग छत्तीसगडकडे आला आणि कर्णधार झाला. त्याला कुणी गद्दार म्हटले नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होते की त्याने सुरुवात केली तेव्हा घरचा संघच नव्हता.

त्याच्या आधीच्या पिढीतला ऑफस्पिनर राजेश चौहान तर या गोंधळाचे चालतेबोलते उदाहरण. जन्म रांचीचा, घर भिलाईत, रणजी मध्य प्रदेशकडून, आणि भारताकडून २१ कसोटी. त्यातली एकही भारत हरला नाही. त्याचे जन्माचे राज्य आणि राहण्याचे राज्य, दोन्ही एकाच महिन्यात बदलले.

झारखंडकडे मात्र उलट झाले. बिहारच्या क्रिकेटचा जुना आधार जमशेदपूरला होता आणि ते गाव झारखंडात गेले. खुर्ची झारखंडला मिळाली आणि मूळ बिहारच बाहेर पडला! २००४ पासून २०१८ पर्यंत बिहारचा संघ रणजीत नव्हता. रांचीचा महेंद्रसिंग धोनी आधी बिहारकडून खेळला, मग झारखंडकडून, गाव तेच. पण पाटण्यात जन्मलेल्या ईशान किशनला झारखंड गाठावे लागले, कारण त्याच्या राज्याला संघच नव्हता. युक्रेनचा ओनोप्को आणि पाटण्याचा ईशान किशन यांच्या पेचाची जात एकच आहे.

बास्केटबॉलमध्ये मात्र आपल्या गावाने वेगळे चित्र दाखवले. भिलाईत राजेश पटेल यांच्यासारख्या प्रशिक्षकाने मुली तयार केल्या आणि छत्तीसगडचे नाव राष्ट्रीय स्पर्धांत वर नेले. राज्य तेच, शहर तेच. एका खेळातल्या मुलींना घरची जर्सी मिळाली, दुसऱ्या खेळातल्या मुलांना सोळा वर्षे थांबावे लागले. फरक गुणवत्तेत नव्हता, संघटनेच्या कागदात होता.

एका घरातल्या दोन जर्सी

हा प्रश्न संपलेला नाही. मे २०१६ मध्ये कोसोव्होला युएफा आणि फिफाचे सदस्यत्व मिळाले. तोवर तिथल्या मुळाचे खेळाडू स्वित्झर्लंड, अल्बानिया, नॉर्वे असे विखुरले होते. ५ सप्टेंबर २०१६ ला फिनलंडविरुद्ध कोसोव्होचा पहिला विश्वचषक पात्रता सामना होता, आणि सहा खेळाडूंना खेळण्याची परवानगी सामन्याच्या दिवशीच आली. त्यातला वालोन बेरीशा आधी नॉर्वेकडून खेळलेला. कोसोव्होचा पहिला अधिकृत गोल त्यानेच केला, सामना १-१ सुटला.

त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेत ग्रानित जाका स्वित्झर्लंडकडून आणि त्याचा सख्खा भाऊ ताउलांत अल्बानियाकडून, असे समोरासमोर उभे होते. कोसोव्होतून गेलेले कुटुंब, दोन मुले, दोन देश. त्यांची आई अर्धा एका देशाचा आणि अर्धा दुसऱ्या देशाचा शर्ट घालून बसली होती. या विषयावरचा सर्वांत नेमका शेरा त्या माउलीच्या शर्टावर होता.

परदेशात वाढणारी मुले असलेल्या आपल्या मराठी घरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. भारताकडून फुटबॉल खेळायचे तर भारतीय पासपोर्टच लागतो, म्हणजे परदेशी पासपोर्ट सोडावा लागतो. पुणे एफसीकडून खेळलेला इझुमी अराता, वडील भारतीय आणि आई जपानी, याने जपानी नागरिकत्व सोडले आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी घातली. त्याच्यावर देश मोडण्याची वेळ आली नव्हती. तरी एक कागद फाडल्याशिवाय दुसरा मिळाला नाही. घरात असा प्रश्न येणार असेल, तर मुलगा सोळा वर्षांचा असतानाच बसून बोला; पहिला अधिकृत सामना खेळून झाल्यावर नव्हे.

मग निष्ठेचे काय?

कुणी म्हणेल, तुम्ही सगळे कागदावर ढकलता, माणसाच्या मनाला काही किंमत आहे की नाही? आहे, नक्की आहे. मिखाइलिचेन्कोने युक्रेन निवडला, तोटा माहीत असून निवडला. त्याचा मान मोठाच. पण त्याचा मान राखायला ओनोप्कोला खाली पाडायची गरज नाही. सर्व दारे उघडी असताना माणूस एक दार निवडतो, तेव्हा ती त्याची निष्ठा. एकच दार उघडे असताना तो त्यातून जातो, तेव्हा ती त्याची परिस्थिती. दोन्हींना एका मापाने मोजायचे नाही.

म्हणून पुढच्या वेळी 'अमक्याने देश बदलला' अशी बातमी वाचली, तर चार प्रश्न विचारून बघा. तो निघाला तेव्हा त्याच्या घरचा संघ अस्तित्वात होता का? जुनी खुर्ची कुणाला मिळाली? त्याचे वय किती होते आणि पुढची मोठी स्पर्धा किती दूर होती? आणि आधी तो खेळला होता तो सामना अधिकृत होता की मैत्रीपूर्ण? चारही उत्तरे मिळाली की राग बराच ओसरतो आणि माणूस दिसू लागतो.

आणि ज्यांच्या हातात या खुर्च्या आहेत, त्यांच्यासाठी एक आकडा पुरे: सोळा. छत्तीसगडला संघ मिळायला सोळा वर्षे लागली. राज्य झाले तेव्हा जो मुलगा अठराचा होता, तो तोवर चौतीसचा झाला. संघटनांची भांडणे कधीतरी मिटतात, सदस्यत्व आज ना उद्या मिळते. त्या मुलाला वय परत मिळत नाही.